बरोबरची खूण

३ जानेवारी १९८८
सिल्वासा आवडलं. सुनंदाची आई गेल्यावर नाशिकच्या घरात भिंतींशीच बोलत होतो, म्हणून लेकीनं हट्टानं इकडे आणलं. मसाटच्या कारखान्यात ती कोंबड्यांच्या पटकीवर लस बनवते. मॅनेजर अविनाश यांनी मला वह्या लिहायला ठेवलं. अक्षर पाहून म्हणाले, गुरुजी, हे फ्रेम करून लावू. आवारात कोंबडा आरवला आणि माझा चौथीचा वर्ग एका सुरात पहाटेची कविता म्हणताना ऐकू आला.

९ जानेवारी
जंतू वाढवायचे, औषधानं मारायचे, मेलेले कोंबडीला टोचायचे. नक्की मेले ना, हे पाहायला प्रत्येक बाटलीतला थेंब सूप भरलेल्या नळीत सोडतात. नळी गढूळली तर जंतू जिवंत. मी पाहून वहीत खूण करतो. निर्मळ नळीला बरोबर, गढूळ नळीला फुली. मग कामगार चिंधा नळ्या उकळून धुतो आणि सुनंदा वही पाहून टोचायच्या बाटल्या बाहेर काढते. लस मुळातच दुधाळ. बाटलीकडे बघून काही कळत नाही.

१६ जानेवारी
खडोलीच्या शेडमध्ये पाचशे कोंबड्या टोचल्या. शेवटची फडफडली, सुई सुनंदाच्याच अंगठ्यात गेली. मी घाबरलो तर हसली. आबा, मेलेले जंतू आहेत, आता मला पटकी व्हायची नाही, अंडी तेवढी द्यायची राहिली, म्हणाली.

१७ जानेवारी
सकाळी चिंधा दारात. गुरुजी, कोंबड्या निजी गयात, म्हणाला. पाचशे तुरे काळेनिळे. शेडमध्ये आवाज नाही. सुनंदाचा हात कोपरापर्यंत लाल, ताप. तिचं एकच — लस मेलेली आहे, दुसरं काही असेल.

१८ जानेवारी
वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत नियम आहे. आज वाचला. बरोबर म्हणजे जंतू वाढले. फुली म्हणजे वाढले नाहीत.
चाळीस वर्षं चुकीवर फुली मारली मी. त्या फुलीच्या बाटल्या तिनं — जिवंत —
अविनाशना सांगितलं तर तिची नोकरी जाईल. बाटल्या सोडल्याची सही तिची. उद्या ताप उतरेल. उतरेलच.

१९ जानेवारी
दवाखाना. हात काळा पडलाय. डॉक्टरांनी विचारलं, काय टोचलं होतं. तीच म्हणाली, मेलेली लस. मी मान हलवली. का हलवली —

दुपार. ओळखत नाही. तुरा दुखतो म्हणते. कपाळावर हात फिरवते —

सांगतो. ही ओळ संपली की उठतो. नळी गढूळ होती. तीन शब्द. तोंडात येत नाहीत, कागदावर येतात —

वॉर्डाचं दार उघडलं. डॉक्टर. चष्मा काढून, सावकाश — माझ्याकडेच — थांबा, मी अजून —