पायपेटी विकणे आहे

रविवार, ४ जानेवारी २००९

“राजदरबारात वाजलेली दुर्मिळ पेटी!” — कंप्युटरवर असं लिहून होतं! इंग्रजीत. सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर कॅफे आहे, तिथल्या आफ्रीननं मराठी करून सांगितलं. जुनं सामान विकायची अशी एक जागाच असते म्हणे त्या कंप्युटरात. कोणीबी लिहावं, कोणीबी वाचावं, खरं-खोटं देवाले माहीत.

आम्हाले पेटी पाहिजेच आहे. एकवीस फेब्रुवारीले गावात नाटक. मंडळाचे गुलाबभाऊ काल सांगून गेले — “लटारूभाऊ, पंधरा फेब्रुवारीपासून तालीम. तुमची पायपेटी तं मेली. दुसरी आणली तं ठीक, नाई तं वडस्याहून कॅसिओवाला बोलावतो.” बावीस वर्षं आमच्या यायनं गावच्या एकूण एक नाटकाले साथ केली. आन् काल मान खाली घालून नुसतं “बरं” म्हणाले!

मागच्या साली ऐन नाटकात, राजकन्या रडत होती, तेव्हाच पायपेटीचा एक सूर अडकला आन् म्हशीवानी रेकत राह्यला. पब्लिक हसलं. तेव्हापासून यायनं झाकण उघडलं नाई. आता तिच्यावर धानाचं पोतं आहे. शिलाई मशीनवर बसतात, लोकायचे पायजामे शिवतात, गुणगुणत बी नाई. मले ते पाहावत नाई.

रविवार, ११ जानेवारी

राजुऱ्याले जाऊन आलो. चार तास यष्टीत, कंबर गेली माझी. मुन्नाभाईचं कापडाचं दुकान. मी आधीच विचारलं, “कोणत्या दरबारात वाजली जी?” तर त्याच्या अब्बांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजवली होती म्हणे. नाटकात बादशहाचा दरबार होता. पुठ्ठ्याचा!

भात्याले भोक, त्यावर जखमेवर लावतात ती पट्टी. यायनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा मागितला, चिकटवला, अर्धा तास वाळू दिला, आन् वाजवायले बसले.

अरे देवा, किती दिवसांनी!

आतून मुन्नाभाईची म्हातारी आई आली. दाराले टेकून ऐकत राह्यली. संपल्यावर म्हणे, “मुन्ना, ये नहीं बेचना. तेरे अब्बा का बाजा है.” झालं! चहा पेलो, खारी खाल्ली, हात हलवत परत.

शुक्रवार, १६ जानेवारी

आजची जाहिरात — “फोटोतली पेटी ही नाही, पण अशीच आहे.” आफ्रीन आन् मी पोट धरून हसलो! माझ्या लग्नाच्या वेळी सासूनं पोराचा फोटो पाठवला होता, तो बी असाच होता.

सोमवार, २६ जानेवारी

माझ्या अंगणवाडीतलं झेंडावंदन उरकलं आन् तसेच कोरपन्याले. “डॉक्टरने वापरलेली, मजबूत बांधणी.” डॉक्टर गुरांचा निघाला. बांधणी मजबूत, ते मात्र खरं — पंधरा वर्षं तिच्यावर टीव्ही होता!

यायनं पट्ट्या काढल्या, झुरळं झाडली, काडीनं एकेक सूर साफ केला. मी खूण करून राह्यली, वाजवू नका, आधी सौदा करा. ऐकतील तर शपथ! वाजवली. डॉक्टरची बायको पोळ्या टाकून बाहेर आली. नवऱ्याले म्हणे, “टीव्हीले स्टूल आणा. हे इकायचं नाई.”

येताना यष्टीत भांडली मी. “तुम्ही पेटी घ्यायले जाता का इकू नका म्हणून सांगायले? जरा वाईट वाजवा नं!”

“मले वाईट वाजवता येत नाई,” म्हणाले. आन् हसले! खरंच हसले. पुढचं भांडण मी विसरलीच.

गुरुवार, २९ जानेवारी

अंगणवाडीतून आली तर पायपेटीवरचं पोतं खाली. “काऊन जी?” तर म्हणे उंदीर पाहून राह्यलो. हाताले लाकूड चिकटवायचा सरस लागला होता. उंदराले सरस लावतात का कोणी?

रविवार, १ फेब्रुवारी

माजरी. “नवीकोरी. अजिबात वापर नाही.” अजीमभाई कोळसा खाणीतून रिटायर झालेले. पेटीवरचं प्लास्टिक बी निघालं नव्हतं! इतक्या दिवसांत पहिली जाहिरात खरी निघाली. यायले घरूनच तंबी होती, हात मांडीखाली ठेवायचे. बसले बिचारे तसेच.

“रिटायर झाल्यावर शिकायची होती,” अजीमभाई म्हणाले, “पण हिचं डोकं दुखते.” त्यायच्या हाजराबाई कडाडल्या, “मैंने कब रोका? तुम्हारीच हिम्मत नहीं हुई!” आमचा सौदा जुळत आला होता. तेवढ्यात यायचा उजवा हात निसटला. एकच सूर दाबला — एकच! अजीमभाई लहान पोरावानी पुढं सरकले. “ये कैसे किया?” 

संध्याकाळपर्यंत सा रे ग म! मी हाजराबाईसोबत वांगी चिरत बसली. निघताना त्यायनं डबा भरून दिला. पेटी नाई दिली. खरी जाहिरात एकच सापडली होती, ती आम्ही आपल्या हातानं बिघडवली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आता पुरे. पायपेटी विकून टाकू, म्हटलं. निदान जागा होईल, आन् यायचा जीव तिच्यात अडकणार नाई. “विक,” म्हणाले. माझ्याकडे पाहिलं बी नाई.

जाहिरात मी सांगितली, आफ्रीननं लिहिली. महिनाभर वाचून वाचून मी बी पक्की झाली! “झाडीपट्टी गाजवलेली पायपेटी. अस्सल सागवान. एकच वादक. घरगुती देखभाल. एकही सूर खराब नाही.” देखभाल उंदरिणीनं केली, तिनं आतच बाळंतपण उरकलं होतं. आफ्रीननं विचारलं, “काकू, काही खराबी?” “आहे तं,” म्हटलं, “पण ते लिहायसाठी जाहिरात नसते.”

शनिवार, १४ फेब्रुवारी

गडचिरोलीहून जंगूभाऊ आले. नवीन लॉज काढला आहे, काउंटरजवळ शोसाठी जुनी वस्तू पाहिजे. वरून फुलदाणी ठेवणार म्हणे. आम्ही सांगू ती किंमत द्यायले तयार! मी चहा टाकला. मनात म्हटलं, सुटलो.

“वाजते का पण?” त्यायनं उगीच विचारलं. “गिऱ्हाइकानं विचारलं तं सांगता आलं पाहिजे.”

यायनं झाकण उघडलं. बरोबर एक साल झालं. आत सगळं लख्ख! उंदराचं घर साफ, भाता शिवलेला, तुटल्या पायडलले नवी दोरी. तेव्हा हे चाललं होतं माझ्या माघारी! बसले, पाय मारले, वाजवायले लागले. त्या म्हशीच्या सुराजवळ आले की हळूच बाजूनं निघून जायचे, चिखल टाळून चालावं तसे. कुठी काही कमी वाटलं नाई. शेजारच्या बाया चूल सोडून अंगणात आल्या. चहा उतू गेला. मी हलली नाई.

संपलं तसे जंगूभाऊ खिशात हात घालून म्हणाले, “घेतो मी.”

“विकायची नाई,” — हे कोण बोललं? मीच!

“अहो बाई, जाहिरात तुम्हीच दिली नं!”

“जाहिरातीत सगळं खोटं आहे,” म्हटलं. “एक सूर खराब आहे तिचा. तुम्ही चहा घ्या.”

उरला होता तेवढा दिला. हे झाकणावरून फडकं फिरवत राह्यले, किती वेळ.

सोमवार, १६ फेब्रुवारी

काल बंडीवर घालून पायपेटी तालमीले नेली. गुलाबभाऊनं पाच मिनिटं ऐकलं आन् वडस्याच्या कॅसिओवाल्याले फोन लावला, नका येऊ. मी आज आफ्रीनले फोन केला, जाहिरात काढ. “काकू, कारण विचारून राह्यलं कंप्युटर. काय टाकू?”

“टाक — मालकिणीनं ऐकली.”

रविवार, २२ फेब्रुवारी

झालं नाटक. आता लिहूनच टाकते, कोण वाचणार आहे? मागच्या साली तो सूर अडकला तेव्हा सगळ्यांत आधी मी हसली होती. बायांच्या रांगेतून, मोठ्यानं. यायनं पाहिलं होतं. सालभर त्याबद्दल एक शब्द बोलले नाई.

काल राजकन्या रडायले लागली आन् तोच सूर पुन्हा अडकला! पब्लिक हसलं. यायनं मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडात कोंबून बसली, नाई हसली.

मग तेच हसले.