दिव्यातली काजळी

२३ जुलै २०२५, बुधवार

कॉलेजच्या संग्रहातला दिवा घरी आणला! आणायचा नसतो, माहीत आहे. रजिस्टरातही लिहिलं नाही. पण कॉलेजच्या तळघरात फोटो धड येत नाहीत, आणि ‘बायझंटाईन पुरातत्त्व : तोंडओळख’ हा माझा पहिलावहिला कोर्स. पोरांना बायझंटाईन म्हटलं की सम्राट आणि सोनेरी मोझेक, एवढंच दिसतं. मी त्यांना हा दाखवणार — सहाव्या शतकातला, पितळी, तळहाताएवढा, कुण्या बाईच्या स्वयंपाकघरातला दिवा. तुर्कस्तानातल्या उत्खननात चुलीशेजारी सापडला.

आणि वातीच्या नळीत अजून काजळी आहे! तेव्हा कुठलं तेल जाळत होते ते तिच्यावरून कळेल. सोमवारी नमुना लॅबला पाठवायचा. उत्तर मिळालं तर तीन वर्षांचं प्रोजेक्ट. नाहीतर डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपलं — परत इथे आयर्लंडात, ॲथलोनमध्ये, नुसती ‘सारंगची बायको’. सहा वर्षं तेच होते. पुरे झालं.

दिवा किचनच्या प्रेसमध्ये — कपाटाला इथे प्रेसच म्हणतात — ठेवलाय, वरच्या फळीवर.

२४ जुलै, गुरुवार

संपलं सगळं.

घरी आले तर टेबलावर दिव्यांची रांग. समई, निरांजनं, लामणदिवा, आणि मधोमध — तो! लखलखीत. हळदकुंकू लावलेला. आज दिव्याची अवस. सारंगच्या आई आमच्या लेकीला, स्वरांगीला सांभाळायला कऱ्हाडहून आल्या आहेत, त्यांनी घरातला दिवा न् दिवा चिंच-मीठ लावून घासला.

“वरच्या फळीवर ह्यो कळकट दिवा गावला. अवसंला असा ठिवू न्हाई गं घरात.”

वरची हिरवी झाक गेली, त्याबद्दल बोलणी खाईन एक वेळ. पण नळी? बोट घालून पाहिलं. स्वच्छ!

मी ओरडले. “कुणी सांगितले होते नसते उद्योग?” आणि बरंच काही, लिहवत नाही. स्वरांगी रडायला लागली. आई काहीतरी सांगायला लागल्या — मी हात वर करून त्यांना गप्प केलं.

२५ जुलै, शुक्रवार

सारंग म्हणतो, “ओर्लाला सांगून टाक गं. ग्रँड होईल.” म्हणजे सगळं ठीक होईल, इथल्यांच्या भाषेत. याचं काय जातंय! ओर्ला माझी बॉस, ५ ऑगस्टच्या मंगळवारपर्यंत सुट्टीवर. काय सांगू? न विचारता दिवा घरी नेला आणि सासूबाईंनी तो चिंचेनं घासला? हसावं की रडावं तिनं?

आई खाली मान घालून पोळ्या लाटत होत्या.

२६ जुलै, शनिवार

काजळीच्या आशेनं सिंकखालचा पाइप उघडला. आतला गाळ चहाच्या गाळण्यातून गाळला. भाताची शितं, एक केस, साबण. शहाणी म्हणे पुरातत्त्वाची!

२८ जुलै, सोमवार

केलं.

तळघरात आणखी एक दिवा आहे, मातीचा, त्याच काळातला. कुणीतरी बाजारात विकत घेतलेला, कुठल्या गावचा, कुठल्या घरातला, काही ठाऊक नाही. त्याची काजळी खरवडली. बाटलीत भरली. बाटलीवर नंबर टाकला पितळी दिव्याचा. पाठवली.

कोर्सच्या पहिल्याच स्लाइडवर मी काय लिहिलंय? वस्तू कुठे सापडली हे हरवलं की वस्तू मुकी होते. आणि मी तिला चक्क खोटं बोलायला लावलं. नंबर मात्र कसा सुवाच्य आला!

२९ जुलै, मंगळवार

लॅबची मेल आली का, दिवसभर पाहत होते.

३० जुलै, बुधवार

आईंनी सारंगला विचारलं म्हणे, परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का. त्यांना वाटतंय मी त्यांच्यावर रागावलेय. आहेच! आणि त्यांनी समोर भाकरी ठेवली की मला मान वर करवत नाही. खोटं मी केलं आणि तोंड त्या लपवतायत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी लॅबची मेल. नमुना पोचला.

दुपारी आई स्वरांगीला बाबागाडीतून फिरायला नेत होत्या. तिच्या गालावर काळी तीट. मी आठ दिवसांत पहिल्यांदा नीट बोलले, “काजळ कऱ्हाडहून आणलंत का हो?”

“न्हाई गं. तुज्या त्या दिव्यातलं हाय. घासायच्या आदी काडीनं कोरून काडलं. दिव्याचं काजळ मोरीत सोडू न्हाई. तवाच सांगत हुते तुला.”

त्यांनी कुंकवाची रिकामी डबी पुढे केली. काजळी आहे. कोरडी. तिटेपुरती चिमूट सोडली तर सगळी.