कोळशाच्या खोलीतले तीन दिवस

१३ नोव्हेंबर १९६१, सोमवार

गयाबाई बाहेर बसली! नातू शाळेत जायला लागला आणि आजी बाहेर बसली!

सकाळी श्याम ऑफिसात गेला, सूनबाई रत्नमाला शाळेत शिकवायला गेली. मी मागच्या अंगणात मेथी निवडत होते. तेवढ्यात गयाबाई गल्लीतून आली. ती आमच्या मागच्या ओळीतल्या क्वार्टरात राहते, पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर असलेल्या सुखरामची आई. रोज येते ती सरळ चुलीपाशी येऊन टेकते. आज दारातच थांबली. बगलेत रिकामं पोतं.

"मास्तरीणबाई, मले शिवू नका."

"का गं? काय झालं?"

"कावळा शिवला ना मले." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

तिची पाळी जाऊन बारा वर्षं झाली. तिचा नवरा होता तेव्हाची गोष्ट. मीही हसले. आम्ही दोघी म्हाताऱ्या इतक्या हसलो की शेजारच्या बाईनं भिंतीवरून डोकावून पाहिलं.

आता तिनं आपल्या सुनेला, नलूला, हे सांगायचं कसं? नलू स्वतः काही पाळत नाही. दोन खोल्यांत कुठे बसू, म्हणते, आणि खरंच आहे ते. पण गयाबाईचा जीव मानत नाही. अशा अंगानं स्वयंपाकघरात वावरायचं नाही आणि सुनेपुढे बोलायचंही नाही. म्हणून नलूला सांगून आली की मास्तरीणबाईकडे तीन दिवस पोथी लागली आहे. रात्री आपल्या ओसरीवर गोधडी टाकीन म्हणाली.

अंगणातल्या कोळशाच्या खोलीतला पुढचा कोपरा झाडून दिला. तिथे तिनं पोतं अंथरलं. मी वरून तिच्या पेल्यात चहा ओतला. पवनीच्या शाळेत तीस वर्षं मुलींना आरोग्याचे धडे दिले आणि आज हे! पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

सकाळचा भोंगा झाला की घर रिकामं होतं ते दोन वाजेपर्यंत. इथे येऊन दीड वर्ष झालं, या रिकामपणाची सवय होत नाही. आज नव्हतं तसं काही. गयाबाई खोलीत, मी उंबऱ्याबाहेर पाटावर. मध्ये दोन हात अंतर. मी तांदूळ निवडत होते, ती नुसती बसली होती. तिला काम करायचं नव्हतं म्हणून ती बोलत होती, आणि बोलत होती म्हणून मीही.

पवनीची आठवण आली. जाऊबाई कौसल्या आणि मी पुष्कळदा बरोबरच बाहेर बसायचो. गोठ्याला लागून अंधारी खोली होती. दळण नाही, नदीवरून पाणी नाही, सासूबाईंची हाक नाही. ताट समोर यायचं. आम्ही जमिनीवर कोळशानं घर आखून चिंचोके खेळायचो, एकमेकींची वेणी घालायचो, आणि दुपारी चक्क झोपायचो. लोक म्हणत, बिचाऱ्या बाहेरच्या. बिचाऱ्या कसल्या! त्या तीन दिवसांत जितकी मोकळी होते तितकी नंतर कधीच नव्हते. पगार हातात आला तेव्हाही नाही.

कौसल्या जाऊन आता अकरा वर्षं. तिच्याइतकं माझ्याशी कोणी बोललं नाही. यांच्याशीही नाही.

१५ नोव्हेंबर

तिसरा दिवस. उद्या ती न्हाऊन येईल, चुलीपाशी घोटभर चहा घेईल आणि नलू वाट पाहते म्हणून निघून जाईल. घर फार मोठं वाटेल. दोनच खोल्या आहेत.

८ डिसेंबर

कॅलेंडर पाहिलं. गयाबाईला या चार दिवसांत यायला हवं. कसली वाट पाहते आहे मी! कोणी वाचलं तर वेडी म्हणेल.

तरी बाजारातून सांबार आणवून ठेवला आहे, दोन जुड्या कोथिंबीर. वड्या करीन.

११ डिसेंबर, सोमवार

आली! दारात उभी राहून नुसती मान हलवली, मी समजले.

सांबारवड्या तिला फार आवडल्या. "माह्या मायच्या हातच्या अशाच राहत," म्हणाली. चार खाल्ल्या असत्या पूर्वी, आज एकच खाऊन पान बाजूला ठेवलं. आम्ही चिंचोके खेळलो. ती माझ्या चिंचोक्यांना हात लावणार नाही म्हणून तिच्यासाठी वेगळे आणले. खेळात लबाडी करते. मी पकडलं तर म्हणते, "तुमी मास्तरीण हाव, तुमाले हिशेबात कोण हरवीन? थोडं तं करू द्या."

आज तिनं मला लाखांदूरकडच्या तिच्या शेताचं सांगितलं. धान निसवला की बांधावर उभं राहून कसा वास येतो ते. इथे तर वारा फिरला की कोक ओव्हनचाच वास. सुखराम म्हणतो, आई, हा भाकरीचा वास आहे. ती म्हणते, "असन बाबू. पण मले भाताचा पाहिजे."

चेहरा ओढल्यासारखा दिसतो. मोरीपर्यंत चालत गेली तर भिंतीला टेकून उभी राहिली. "दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहे, जाऊन येऊ या का?" असं मी म्हटलं. तिनं कानावर हात ठेवले. "त्यायच्यापाशी जाऊन काय दाखवाचं? साठीत कावळा शिवला म्हणून सांगू? सुखरामच्या संगचे लोक काय म्हणतीन?"

मीही फार जोर केला नाही.

१३ डिसेंबर

आज ती गेली. चिंचोके डब्यात भरून ठेवले.

२७ डिसेंबर, बुधवार

मधे दोन आठवडेच गेले आणि गयाबाई पुन्हा आली पोतं घेऊन. तिला नवल वाटत नाही. फेब्रुवारीत आठ ग्रह एकत्र येणार, जग बुडणार, असं साऱ्या सेक्टरात चाललं आहे. चौकात यज्ञाची वर्गणी सुरू झाली. भाजीवालीसुद्धा पालक तोलताना तेच बोलते. गयाबाईनं त्याचा अर्थ लावला आहे.

"सारं उलटं फिरून राहिलं बाई. म्हातारी जवान होऊन राहिली. आता पाहा, पुढच्या महिन्यात मले दुधाचे दात येतीन."

हसून हसून मला ठसका लागला. तीही हसली, मग पोटावर हात दाबून गप्प बसली. कमरेत चमक भरते म्हणे. मी विटेचा तुकडा गरम करून फडक्यात गुंडाळून दिला. तो पोटाशी धरून ती झोपली. मी पाटावर बसून राहिले. ऊन पायांवर आलं होतं. कोणीतरी आपल्या घरात झोपलं आहे, एवढ्यानंच किती बरं वाटतं.

१४ जानेवारी १९६२, संक्रांत

सूनबाईचं हळदीकुंकू. पुढच्या खोलीत सतरंजी, पंचवीस बायका, बंगाली, मद्रासी सगळ्या. रत्नमाला म्हणाली, "आई, तुम्हीही बसा ना पुढे, आता कोण मानतं?" तिच्या मनात खोट नाही. पण मी मागे आले. विधवा बाई वाण लुटायला बसली की समोरच्यांची जीभ जड होते, मी पाहिलं आहे.

मागे गयाबाई होतीच, खोलीत. आम्ही दोघींनी एकमेकींना तिळगूळ दिला. तिनं दुरून टाकला, मी पदरात झेलला.

मोरीत तिचे कपडे भिजत होते. मी नजर वळवली.

२२ जानेवारी

आज नववा दिवस. ती न्हाऊन घरी जाण्याचं नाव काढत नाही. नलूला सांगते, मोठी पोथी आहे. मीही काही विचारत नाही.

२९ जानेवारी

रत्नमालेनं विचारलं, "आई, गयाबाई सारख्या कोळशाच्या खोलीतच का बसतात?" मी म्हटलं, सवय आहे तिला. सुनेशी खोटं बोलले. हे पहिल्यांदाच.

५ फेब्रुवारी, सोमवार

जग बुडलं नाही. चौकात पहाटेपासून लाऊडस्पीकरवर मंत्र चालले होते. गयाबाई नऊला आली, नळाशी हात धुवायला वाकली आणि तिथेच पडली.

मी तिला शिवले. तीन महिन्यांनी शिवले. अंग बर्फासारखं. लुगडं भिजलेलं, आणि ते पाण्यानं नव्हतं. मी नलूला हाका मारल्या. नलू आली, पाहिलं. मग तीच धावली, रिक्षा आणली. माझ्या हातून काही झालं नाही.

६ फेब्रुवारी

कालचं आज लिहिते.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, बोलते हिंदी. तिनं विचारलं, "कब से हो रहा है?" गयाबाई शुद्धीवर आली होती. म्हणाली, "आजच." माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाचवत होती! मी सांगितलं, नोव्हेंबरपासून.

"तीन महीने! घर में कोई पढ़ी-लिखी औरत नहीं थी?"

नलूनं माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, कोणती पोथी वाचत होता तुमी?"



१२ फेब्रुवारी

गर्भाशयात गाठ आहे. पसरली आहे. कापून काढण्याची वेळ गेली, आता नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन रेडियमचा शेक द्यायचा, बघायचं. सुखरामनं सुट्टी काढली. त्यानं मला एक शब्द विचारला नाही. वाकून नमस्कार केला, तो जास्त लागला.

नलू मात्र बोलते ते तोंडावर. "तुमी शिकलेल्या हाव म्हणून आमाले कायजी नव्हती. बुढी तिकडे हाये, बरं हाये, असं वाटे." तिच्या जागी मी असते तर याहून जास्त बोलले असते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दुर्ग स्टेशनवर गेले होते. श्याम नको म्हणत होता, तरी गेले.

गयाबाईला बाकावर निजवलं होतं. आठ दिवसांत किती लहान दिसायला लागली. मी खिडकीतून हात आत घातला, तिनं धरला. शिवू नका म्हणाली नाही. मी विचारलं, भात खाशील ना तिथे? पथ्याचं विचारून घे.

ती म्हणाली, "मास्तरीणबाई, नलूचं मनावर घेऊ नका. तिले काय ठाऊक? ते दिवस मले सासरी नाई भेटले, माहेरी नाई भेटले. बसून खाल्लं मी तुमच्या घरी." मग गाडी हलायच्या आधी, "माही जागा कोळशानं भरू नका बरं."

परत येताना बसमध्ये दोन बायका अष्टग्रहीची थट्टा करत होत्या. आपला गाव वाचला म्हणे.

३ मार्च

सुखरामचं कार्ड आलं. आईला शेक सुरू आहे. अंगाची आग होते, खाल्लेलं ठरत नाही. एक ओळ तिच्या सांगण्यावरून लिहिली आहे: मास्तरीणबाईले सांगा, इथल्या खोलीत बावीस बाया हायेत पण खेळाची एकही नाही.

चार वेळा वाचलं.

७ मार्च

कोळशाची गाडी आली. माणूस टोपल्या आत ओतायला निघाला. मी त्याला पुढच्या कोपऱ्यात ओतू दिलं नाही. उरलेला अंगणात ढीग करून घेतला. श्याम म्हणाला, "आई, पाऊस आला तर?" मार्चमध्ये कसला पाऊस. आणि आला तर भिजू दे कोळसा.

११ मार्च, रविवार

आज ती असती तर... असं दिवसातून किती वेळा येतं मनात. कौसल्या गेली तेव्हा शाळा होती, चाळीस मुली होत्या. आता सकाळचा भोंगा होतो आणि मी मागचं दार उघडून बसते. गल्लीतून चपलेचा आवाज आला की मान वर होते. नलू येते कधी कधी. बोलत नाही, पण परवा वाटीभर कढी ठेवून गेली. तिचंही घर रिकामं झालं आहे.

गयाबाईचं हसणं ऐकावंसं वाटतं. पदर तोंडाला लावून हसते ते. दुसरं काही मागणं नाही.

१६ मार्च

दुसरं कार्ड. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांआधी आणलं असतं तर बरी झाली असती. सुखरामचं अक्षर चांगलं आहे. एकही शब्द वाकडा नाही.

१९ मार्च, सोमवार

ट्रेनिंगला असताना नर्सबाईंनी आम्हा मास्तरणींना फळ्यावर लिहून दिलं होतं. बंद झालेली पाळी परत आली तर ती पाळी नसते, त्या दिवशी दवाखाना गाठायचा. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. गयाबाई पहिल्या दिवशी हसायला लागली तेव्हाच मला ते आठवलं होतं. इथे रोजनिशीतही लिहिलं नाही. तीन दिवस तरी राहू दे, म्हटलं, मग सांगीन.