भर दुपारची लदीन

तारकर्ली,
३ एप्रिल २०२४

चि. सॅविओस,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

ईस्टर बरा गेला. तू फोन केला होतास तो मी उचललाही, पण तू काय बोललास ते विचारू नकोस. तू ओरडतोस, मी ओरडते आणि शेजारच्या राधाबाईला वाटतं बहीणभावंडांची जुंपली. म्हणून आता पत्रच. तुझं अक्षर शाळेपासून गिचमिड असलं तरी कानापेक्षा डोळे अजून माझं ऐकतात.

ओरोसला डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांचं म्हणणं, या दुखण्यात बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागून. मशीन लावून थोडं निभेल, पण कान पूर्वीसारखे होणार नाहीत, आणि पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. बहात्तराव्या वर्षी कोणाला काय राहतं? मी रडत बसलेली नाही, तूही बसू नकोस.

मात्र एक मागणं आहे. मे महिन्यात आपल्या खुरसाकडे, वाडीतल्या क्रुसापाशी, लदीन असते, सगळ्यांनी मिळून गायची ती प्रार्थना. बाबा होते तोवर ते वाजवायचे, मग तू. तुझ्या कंबरेच्या ऑपरेशनपासून तू आला नाहीस आणि बाबांचं व्हायोलिनही तिकडेच. आम्ही आपले मोबाइलवर गाणी लावून प्रार्थना उरकतो. ऐकू येतंय तोवर एकदा मला ते तुझ्या हातून ऐकायचं आहे. शेवटचं सायबिणीचं, मारियामातेचं गीत, ज्यात व्हायोलिन एकटंच वर चढत जातं, तेवढं एक. येशील का रे?

कंबरेला जप. तुझ्या लेकीला, प्रिन्सीला, आशीर्वाद सांग.

मायेत खंड नाही, तसा पत्रांतही पडू देऊ नकोस.
तुझी,
डोरथी


कराड,
१० एप्रिल २०२४

ति. डोरथीबायस,
सॅविओचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चष्मा पुसावा लागला. बाय, तू आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाहीस. आता मागितलंस तर तेही असं, की मला देता येत नाही.

सगळा घाट उतरेपर्यंत गाडीत बसून राहणं मला जमणार नाही. पाऊण तास बसलो की डाव्या पायात कळ येते आणि मग दोन दिवस पाठ टेकवता येत नाही. गेल्या वर्षी कोल्हापूरपर्यंत गेलो होतो, तर परत येताना मागच्या सीटवर आडवा होऊन आलो. शाळेत पोरांना ताठ बसून गा म्हणायचो, त्याचा हा सूड.

प्रिन्सीने तुझं पत्र वाचलं. ती इथल्या विमानतळावर मुलांना विमान चालवायला शिकवते हे तुला ठाऊकच आहे. ती म्हणते, तिच्या क्लबच्या दोन माणसांच्या विमानातून ती मला तुमच्याकडच्या चिपी विमानतळावर आणेल, मध्ये कोल्हापूरला उतरून पाय मोकळे करायचे आणि संध्याकाळच्या आत परत. कोल्हापूर तर अर्ध्या तासावरच आहे म्हणे. मी सरळ नाही म्हटलं. बाय, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? ती नोकरीला लागल्यापासून मी एकदाही त्या मैदानाकडे फिरकलेलो नाही. वर विमानाचा आवाज आला की पंखा मोठा करतो. तिची आई प्रिसिला गेल्यावर मला ही एकच उरली. तिला वर जाताना बघायची माझी छाती नाही, शेजारी बसणं तर दूरच.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहिणं सोडू नकोस.
तुझा,
सॅविओ


कराड,
११ एप्रिल २०२४

ति. डोरथीआतेस,
प्रिन्सीचा सा. न. वि. वि.

पप्पांच्या नकळत लिहीत आहे. ते नाही म्हणतात, पण काल कपाटावरून व्हायोलिन खाली काढून त्यांनी पुसलं. आते, तुम्ही जोर लावलात तर ते येतील. माझं ते ऐकत नाहीत. मी सांगायला लागले की 'सांभाळून हं' म्हणतात आणि उठून आत जातात. माझं काम त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं असं मला किती वाटतं, हे मी त्यांना कधी बोलले नाही. तुम्हाला सांगते.

दोन अडचणी आहेत. आमचं विमान उजेडातच उडतं, आणि मे महिन्यात दुपार कलली की घाटावर ढग चढतात. म्हणजे तीनपर्यंत आम्हाला निघायलाच हवं. लदीन तर दिवेलागणीला असते. दुसरं म्हणजे वजन. एवढंसं विमान, त्यात पेट्रोल, पप्पा, मी आणि व्हायोलिन. बाकी फारसं काही चालायचं नाही. परत निघताना तुम्ही फणस द्याल, म्हणून आत्ताच हात जोडते.

कामात असले तरी तुमची वाट बघते आहे असं समजून लगेच लिहा.
तुमची,
प्रिन्सी


तारकर्ली,
१८ एप्रिल २०२४

चि. सॅविओस,
अ. उ. आ.

लदीन चार मे रोजी भर दुपारी बारा वाजता ठरली आहे. मी वाडीभर सांगून आले. फादर हसले आणि म्हणाले, प्रार्थनेला घड्याळ नसतं, फक्त मांडव घाला. राधाबाई मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, भर दोपारी खंयची गो लदीन, देवय जेवान निजलेलो असतलो. मी म्हटलं, मगे माझो भाव येवन् उठयतलो. तेव्हापासून ती घरोघर सांगत सुटली आहे की, डोरथीचो भाव इमानान येता. आता तू आला नाहीस तर मला या वाडीत तोंड दाखवायला जागा नाही.

तुझी भीती मला कळते. पण विचार कर, ती पोर रोज दुसऱ्यांची मुलं घेऊन वर जाते. त्यांचे आईबाप तिच्या भरवशावर खाली निवांत चहा पितात आणि तिचा स्वतःचा बाप पंखा मोठा करून बसतो. तिला काय वाटत असेल? माझ्यासाठी येऊ नकोस हवं तर. तिच्यासाठी ये.

लदीनीनंतर वाटायचे चणे भिजवते आहे असं समज.

तुझ्या उत्तराची नव्हे, तुझीच वाट पाहणारी,
डोरथी


तारकर्ली,
७ मे २०२४

चि. सॅविओस,
अ. उ. आ.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचा प्रिन्सीचा निरोप त्याच संध्याकाळी मोबाइलवर वाचला. तरी पत्र लिहिल्याशिवाय मला चैन नाही.

काय रे दिवस होता! तू अंगणात पाऊल टाकलंस आणि मला बाबाच आले असं वाटलं. केस सगळे पिकवलेस की! राधाबाई अजून सांगते आहे की, विमानातून उतरलेल्या माणसाने तिच्या हातचे चणे दोनदा मागून खाल्ले. मांडवात इतकं उकडत होतं की मेणबत्त्या वाकल्या, पण एक माणूस उठला नाही.

आणि तुझं वाजवणं. शेवटच्या सायबिणीच्या गीताला मी डोळे मिटून घेतले होते. व्हायोलिन एकटं वर चढत गेलं, अगदी बाबा चढवायचे तसं, आणि वर जाऊन क्षणभर थांबलं. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मागितलं ते मिळालं मला. आता कान राहिले काय, गेले काय.

तू आणलेला गूळ संपत आला. फणस प्रिन्सीने मागे ठेवला तो मी वाडीत वाटला, तिला सांग.

असाच जीव लावत राहा.
तुझी,
डोरथी


कराड,
१५ मे २०२४

ति. डोरथीबायस,
सा. न. वि. वि.

आधी आमच्या प्रवासाचं सांगतो. सकाळी क्लबवर प्रिन्सीने मला व्हायोलिनच्या पेटीसकट काट्यावर उभं केलं. बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मी गूळ आणि शेंगदाणे घेतले होते. ती म्हणाली, पप्पा, काहीतरी काढा. मी शेंगदाणे काढले, तरी काटा जरा पुढेच. मग पेटीच्या कप्प्यातलं सामान काढलं, गजाला लावायची राळ, जुनी गाण्यांची वही आणि जादा तारांचा डबा, आणि गूळ राहू दिला. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

मग तिने विमानाभोवती एक फेरी मारली. पंखाखाली वाकून बघितलं, चाकाला हात लावला, थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाणी नाही ना ते उजेडात बघितलं. घाई नाही, गडबड नाही. मी इतकी वर्षं घाबरत होतो ते तिच्या घाईला, आणि ती तर घाई करतच नव्हती. वर गेल्यावर मी पहिल्यांदा डोळे मिटून 'नमो मारिये' म्हटलं. कोल्हापूरला उतरलो, तिथल्या माणसांनी तिला मॅडम म्हणून सलाम केला, आणि मी उगाचच कॉलर नीट केली. पुढे घाटाची कड ओलांडली आणि खाली एकदम आपला समुद्र आला. तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, पप्पा, आता तरी डोळे उघडे ठेवा. मला रडू आलं, बाय. तिने बघितलं नाही, की बघून बघितलं नाही असं केलं, कोण जाणे.

आता दुसरं. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. शेवटच्या गीताच्या आधी, मांडवातल्या त्या उकाड्यात, माझी बारीक तार तुटली, आणि तिच्याशिवाय त्या गीतात वर चढताच येत नाही. जादा तारा कराडला डब्यात होत्या. तू डोळे मिटलेस तेव्हा मी व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि ते गीत नुसतं गळ्याने म्हटलं, तेही खालच्या पट्टीत. व्हायोलिन वर चढलंच नाही, बाय. ते वाजलंच नाही.

राधाबाईला हे ठाऊक आहे, सगळ्या वाडीला ठाऊक आहे. तुला कोणी सांगितलं नाही, कारण तुझा चेहरा बघून कोणाला धीर झाला नसेल. तुला बारीक सूर कधीपासून ऐकू येत नाहीत? मला रागावायचं नाही. फक्त खरं सांग.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
सॅविओ


तारकर्ली,
२१ मे २०२४

चि. सॅविओस,
अ. उ. आ.

पकडलंस मला. लहानपणी मी नाताळच्या दोदोलच्या वड्या चोरून खायचे तेव्हाही तूच पकडायचास.

ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यापासूनच बारीक सूर गेलेत. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा पाखरांचा आवाजही बंद झाला होता. पण तसं लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, आता येऊन काय उपयोग. मला वाटलं, तू समोर बसून वाजवलंस तर थोडं तरी येईल. नाही आलं. डोळे मिटले, तर आतून बाबांचं आलं, सगळंच्या सगळं. तेच तुझं समजून तुला लिहिलं. तुला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला खरंच तसं वाटलं होतं. तुझं पत्र आल्यावर मी खुरसाकडे जाऊन बराच वेळ बसले. वाईट वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही.

पण एक तुला ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर आम्ही अंगणात भांडी आवरत होतो. बायकांची बडबड चालली होती, मला ती दिसत होती. तेवढ्यात माझ्या छातीत काहीतरी घुमायला लागलं, मग कानात. जाड, खालचा, न तुटणारा सूर. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि वर बघितलं. माझं बघून राधाबाईने बघितलं, मग बाकीच्यांनी. माडांच्या वर तुमचं विमान होतं. कोणाला मला हाताला धरून दाखवावं लागलं नाही रे. त्या अंगणात सगळ्यांच्या आधी मी ऐकलं.

प्रिन्सीला सांग, तिचं वाजवणं आतेला पोहोचलं. आणि तू पुढच्या मे महिन्यात तिच्याबरोबरच ये. सायबिणीचं गीत जाड तारेवर बसव, वर्षभर वेळ आहे. मी तुझ्या अगदी जवळ बसेन, व्हायोलिनला हात लावून. आणि तारांचा डबा घे बाबा, गूळ राहू दे.

दोघांनाही पोटाशी धरणारी,
डोरथी