पाचपैकी पाच

३ फेब्रुवारी, सकाळी ११
उझमा नावाची डॉक्टरीण आली होती. म्हातारपणी स्वभावाचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, याचा सर्व्हे. पाच शब्द सांगितले: होडी, माड, देऊळ, घड्याळ, छत्री. दहा मिनिटांनी विचारले. मी पाचही धडाधड. एसटीत बत्तीस वर्षं कंट्रोलर होतो, रत्नागिरी स्टँडच्या सगळ्या गाड्या अजून पाठ. सावित्रीला दोनच आठवले. बायकोने नाक कापलं. फॉर्मवर ‘राग पटकन येतो का?’ याला मी ठणकावून ‘नाही’ लिहिलं.
ती गेल्यावर सावित्रीला विचारलं, दोनच कसे? ती कपबशा उचलायला लागली. माझ्या हातातला तांब्या सुटला. तिच्याच दिशेने सुटला, हा योगायोग.

४ फेब्रुवारी
मुलीचा, ज्ञानेश्वरीचा, गुहागरहून फोन. महिन्याने पुन्हा टेस्ट आहे. आई तेव्हाही कमी पडली तर तिला कायमची घेऊन जाणार म्हणते. मला साधा भात लावता येत नाही, हे कार्टीला ठाऊक आहे.
संकल्प: १) सावित्रीचे पाचपैकी पाच. २) रागवायचं नाही. (रागवत नाहीच. पण लेखी असलेलं बरं.)

७ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
क्लास सुरू. ‘होडी’ म्हणाली आणि दूध बघायला उठली. शिस्त नाही. कालथा भिंतीला मारला. भिंत आणि सावित्री फार जवळ होत्या. कोपर सुजलं. हळद लाव, असं मीच सांगितलं.

१३ फेब्रुवारी
राग म्हणजे मेंदूचा व्यायाम. थंड माणसं लवकर गंजतात. उदाहरण घरातच आहे.
रेडिओ गेला. तिच्या खांद्यावर आपटून मग खाली पडला. शेजारचा सुलेमान कुंपणावरून विचारतो, भाभी पडली काय? म्हटलं, आत येऊन बघ. तर तो खरंच आला. मीच दार लावलं.

२१ फेब्रुवारी
चार आले! छत्री राहिली. जन्म कोकणात आणि छत्री विसरते! जेवायचा पाट उचलला. त्याचे दोन तुकडे. लाकूडच कुजकं होतं.

२ मार्च
उद्या टेस्ट. पाचवा शब्द विचारला तर डोक्यावर हात घेऊन बसली. माझ्या हातात काहीही नव्हतं. विनाकारण असा अपमान केल्यावर मग घेतला. खलातला बत्ता. कपाळाला तीन टाके. दवाखान्यात ‘पाय घसरला’ सांगायचं ठरलं होतं, ते तिने न चुकता सांगितलं. म्हणजे स्मरणशक्ती सुधारतेय.

३ मार्च
टेस्टसाठी ज्ञानेश्वरी सकाळीच आली. मला पाचपैकी पाच. मग सावित्री. उझमाने हळूच विचारलं, मावशी, ते पाच शब्द आठवतायत?
सावित्री माझ्याकडे न बघता म्हणाली: तांब्या, कालथा, रेडिओ, पाट, बत्ता.
अडखळली नाही. उझमाने शून्य लिहिलं. ज्ञानेश्वरी आईच्या टाक्यांकडे बघत होती, मग माझ्याकडे. उत्तर बरोबर आहे, क्रमसुद्धा बरोबर आहे, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. लाज वाटली. खोटं कशाला लिहू.
ज्ञानेश्वरीने पिशवी भरली. गुहागरची गाडी दोन चाळीसची, मीच सांगितलं. स्टँडवर गेलो. सावित्री खिडकीत बसली होती. मला बघून काच लावून घेतली.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, गाडी लेट व्हावी. वेळेवर सुटली.