पंखा बंद कर गं

२ एप्रिल, मंगळवार

बेकरी बंद, म्हणून सुट्टी. सुट्टी कसली! आमची खोली सगळ्यात वरची, डोक्यावर नुसता स्लॅब. सकाळी दहालाच भिंतीला टेकले तर पाठ भाजली. कपडे धुतले, वाळत घातले, घड्या घातल्या — तोवर मीच पिळून वाळत घालण्याजोगी झाले होते. दिवसभर एकाच गोष्टीची आस. संध्याकाळी पंखा पाचावर करून खाली फरशीवर पडायचं.

पडले. आणि नवरा आला. अंगात तो मरून रंगाचा स्वेटर, आणि दारातच पहिलं वाक्य — "पंखा बंद कर गं, गारठलोय."

केला बंद. करते काय? याची नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये. दिवसभर बर्फासारख्या खोलीत खोकी रचायची, उतरवायची. लग्नाला चार वर्षं झाली, दर उन्हाळ्यात हेच. मी बेकरीत भट्टीसमोर भाजून येते आणि हा गोठून येतो. खोली एक, पंखा एक. आमची पत्रिका कुणी जुळवली त्याला एकदा या खोलीत कोंडायला हवं.

५ एप्रिल, शुक्रवार

भट्टीचं दार उघडलं की भुवया जळतात की काय असं वाटतं. आमच्याकडे मैदा मळणारा आहे, काडीसारखा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. तो म्हणाला, "ताई, आपणच ट्रेवर बसून आत जाऊ. बाहेरच्यापेक्षा बरं असेल." हसायचंही त्राण नव्हतं.

घरी आल्यावर पंखा. मग नवरा. मग पंखा बंद.

९ एप्रिल, मंगळवार

नणंदेचा फोन. "वहिनी, दादाला जप हं. एवढ्या थंडीत काम करतो बिचारा." बिचारा! बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय आणि ही मला थंडीचं सांगते. मी म्हटलं, "हो, जपते. त्याला गोधडीत गुंडाळून ठेवते." तिला चेष्टा कळली नाही. म्हणाली, "हां, तसंच कर."

१४ एप्रिल, रविवार

आज पडले. ब्रेडचा ट्रे ओढला, डोळ्यांपुढे काळं झालं आणि थेट जमिनीवर. शुद्धीवर आले तेव्हा पैलवान तोंडावर पाणी मारत होता. सगळा मैदा अंगावर, त्यात पाणी — आणखी थोडं मळलं असतं तर माझाच पाव झाला असता.

ब्रेड वाचला. मालकीणबाईंनी आधी मला विचारलं, मग ब्रेडचं. हे लिहून ठेवते, कारण उलटंही होऊ शकलं असतं.

१५ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब फारच खाली जातोय, भट्टी सोडा. "सोडा" म्हणायला काय जातं? मालकीणबाई म्हणाल्या, एक तारखेपासून काउंटरवर ये, पण तिथे पगार कमी. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार काय करायचा होता? नाहीच म्हणणार होते. घर दोघांच्या पगारावर चालतं, आणि तेही ओढूनताणून.

घरी सांगितलं तर हा एकदम उठून बसला. "विचार कसला? उद्याच हो म्हणून सांग. माझी नोकरी पक्की आहे ना? मग?" हा माणूस इतकं ठासून कधी बोलत नाही. भाजी कुठली आणू विचारलं तरी "कुठलीही" म्हणतो. मला रडूच आलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग म्हणाला, "पंखा बंद करतेस का जरा?" डोळ्यातलं पाणी डोळ्यातच वाळलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

पंख्यावरून भांडण. नेहमीप्रमाणे तो जिंकला.

२४ एप्रिल, बुधवार

या माणसाचं काही कळत नाही. गारठलोय म्हणतो आणि घरी येतो तो केस ओले. कामावरूनच अंघोळ करून येतो म्हणे. म्हटलं, गारठलेल्या माणसाला गार पाण्याची अंघोळ कशी सोसते? तर म्हणे, तिथे गरम पाणी असतं. आल्या आल्या अर्धा माठ रिकामा करतो. नखं काळी. म्हणे, यंत्राचं वंगण. मानेवरचा रंग तर असा रापलाय की मी म्हटलं, अरे, बर्फात माणूस काळा पडतो का? म्हणे, ट्रक बाहेर उन्हात लागतात, ते उतरवायला लागतात.

सगळ्याला उत्तर तयार. फक्त पंखा का नको, याचं उत्तर एकच — गारठलोय.

१ मे, बुधवार

काउंटरचा पहिला दिवस. देवा, काय सुख आहे! गरम होतं, पण माणसांना होतं तेवढंच. गिऱ्हाइकं मात्र डोकं उठवतात. एक बाई छत्री मिटता मिटता, घामाने निथळत विचारते, "गरमागरम आहे ना?" म्हटलं, "बाई, आज गरम नाही असं आमच्याकडे काहीच नाही." केकवरची क्रीमची फुलं दुपारी घसरून कडेला येऊन बसली. एका लहान मुलीने ती बोटाने चाटली, तेवढाच त्यांचा उपयोग.

दुपारभरात एकदाही चक्कर आली नाही. घरी येऊन सांगितलं तर याचा चेहरा उजळला. मला म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." मग स्वेटर सारखा केला आणि पंख्याकडे बघितलं. मी न सांगताच बंद केला. आज खुशीत होते म्हणून.

५ मे, रविवार

खुशी संपली. काल-परवाचा उकाडा म्हणजे हद्द झाली. आज मी स्पष्ट सांगितलं, पंखा बंद होणार नाही. स्वेटरवर स्वेटर घाल, गोधडी घे, वाटेल ते कर. तो उठला आणि स्वतः बटण बंद करून आला. मग भिंतीला टेकून बसला, हाताची घडी घालून. कपाळावर घाम. घाम! मी म्हटलं, हे काय? म्हणाला, "केसांचं पाणी आहे."

मी चटई उचलली आणि जिन्यात जाऊन बसले. दारातून शेजारची म्हातारी डोकावली, "काय गं, भांडलीस?" म्हटलं, "नाही आजी, हवा खातेय." जिन्यात हवा कुठली? पण तिथे निदान स्वेटर दिसत नव्हता.

बसल्या बसल्या ठरवलं. याला काही सांगून उपयोग नाही. मंगळवारी याच्या कोल्ड स्टोरेजवरच जाते आणि साहेबाला सांगते — चार वर्षं झाली, आता याला बाहेरचं काम द्या. नाही तर या खोलीतून एक तर तो जाईल, नाही तर मी.

७ मे, मंगळवार, दुपारी

निमित्तही मिळालं. हा डबा विसरून गेला. डबा घेतला, डोक्यावरून ओढणी घेतली, निघाले. बाजारापलीकडे एवढ्या उन्हात चालायचं म्हणजे डोक्याचं भुस्कट. साहेबाशी काय बोलायचं ते वाटभर घोकत गेले. चांगलं कडक तयार केलं होतं.

फाटकाला कुलूप. कुलपावर गंज. आतल्या अंगणात गुडघाभर गवत, तेही वाळलेलं. चौकीदार तेवढा बाहेर खोपटात बसला होता. म्हटलं, साहेबांना भेटायचंय. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "साहेब कुठले आता? जानेवारीतच बंद झालं हे. यंत्रंसुद्धा नेली." मी नवऱ्याचं नाव सांगितलं. म्हटलं, रोज इथेच तर येतो कामाला.

"येतो की. कपडे बदलायला येतो."

मग त्याने समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे चार मजली इमारत, गच्चीवरून काळा धूर. "डांबर तापवतात. गच्च्या गळू नयेत म्हणून ओततात ना, त्या टोळीत आहे तो. दुपारी इथे सावलीला येतो, संध्याकाळी या नळावर अंघोळ करतो आणि जातो घरी." आणि मग, जरा ओशाळून, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

खोपटात खिळ्याला मरून स्वेटर टांगलेला होता.

एप्रिलमध्ये म्हणाला होता, माझी नोकरी पक्की आहे ना. तेव्हा तर इथे गवत वाढत होतं. खरं सांगितलं असतं तर मी भट्टी सोडली नसती. हे त्याला माहीत होतं. मूर्ख माणूस. उन्हात डांबर ओततो, घरी येताना स्वेटर घालतो आणि पंखा बंद करतो, कशासाठी, तर मला संशय येऊ नये! इतका राग कधी आला नव्हता मला कुणाचा. गच्चीकडे बघत उभी राहिले, रडत. कोण कुठला ते खालून ओळखता येईना.

डब्यातलं जेवण चौकीदाराच्या थाळीत काढून दिलं. म्हटलं, तुमच्या घरचं आहे म्हणून त्याला द्या. मी आले होते हे सांगू नका.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आला. केस ओले, अंगात स्वेटर. "पंखा बंद कर गं, गारठलोय."

मी भांडले. चांगला आवाज चढवून. म्हटलं, आजपासून पंखा बंद होणार नाही, आणि तो घाणेरडा स्वेटर आधी काढ, वास मारतोय. इतकी ओरडले की म्हातारी जिन्यात आली. शेवटी त्याने काढून दिला आणि पंख्याखाली फरशीवर आडवा झाला. डोळे मिटले.

झोपलाय. स्वेटर बादलीत भिजत घातलाय. या उन्हात तो तासाभरात वाळेल, म्हणून वाळत घालणारच नाही.