संत झिटा आणि फाटकावरची दुपार

आई, येत्या रविवारी मला चर्चमध्ये मुलांना संत झिटाचं चरित्र सांगायचं आहे. दृढीकरणाच्या संस्काराआधी प्रत्येकानं एक संत निवडायचा, त्याचं नाव घ्यायचं, ही पद्धत अजून तशीच आहे. माझा संत मात्र तूच निवडलास. "हे घे. आपल्यातली आहे. लोकाईच्या घरी सैपाक करे," म्हणालीस. इटलीतली आठशे वर्षांपूर्वीची मोलकरीण तू एका वाक्यात, तू सैपाक करायचीस त्या सदर भागातल्या बंगल्यात आणून बसवलीस. बारा वर्षांची असताना कामाला लागली, मरेपर्यंत एकाच घरात राबली, मालकाच्या घरचे पाव गरिबांना नेत राहिली. मालकानं एकदा अडवून एप्रन उघडायला लावला, तर आत फुलंच फुलं! हे तू कणीक मळता मळता माझ्याकडून घोकून घ्यायचीस.

त्या दुपारी मी शाळेतून थेट बंगल्यावर आले होते. तुझ्या पदराखाली आदल्या दिवशीच्या चार पोळ्या होत्या, चर्चमागच्या खोकणाऱ्या म्हातारीसाठी. फाटकाशी बाईसाहेब उभ्या होत्या.

"पदराखाली काय आहे?"

"काही नाही जी."

त्या बघत राहिल्या. तू पापणीही हलवली नाहीस. इतक्या वर्षांचं काम त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं, आणि ते त्यांना पटलं. त्या बाजूला सरकल्याही. तेवढ्यात मी पुढे झाले आणि तुझा पदर ओढला. "बघा ना बाईसाहेब, फुलं आहेत!"

पोळ्या त्यांच्या पायाशी पडल्या. बाईसाहेबांनी खाली बघितलं. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

आपण घरी निघालो आहोत. मी मार खायची वाट बघते आहे आणि तू नुसती चालते आहेस. कोपऱ्यावर थांबतेस, माझं तोंड वर करतेस. "काहून रडून राहिली वं? तुले खरंच फुलं वाटले ना?" मी मान डोलावते. तू मला पोटाशी धरतेस, आणि मला तुझा भयंकर राग येतो.

पुढे कित्येक महिने तू लोकांची लग्नं-बारशी धुंडाळत भांडी घासलीस, पण येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचीस, "माह्या पोरीचा विश्वासच असा!" दृढीकरणाच्या दिवशी बिशपनं माझ्या कपाळाला तेल लावून मला झिटा म्हटलं, तेव्हा तू सगळ्यांदेखत रडलीस. मी खाली बघत होते.

रविवारी एखादी चुणचुणीत पोर विचारणारच, फुलं झाली नसती तर? हे पत्र तुझ्या कबरीवर ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही ठेवत. वाऱ्यानं उडून चर्चमधल्या कोणाच्या हाती लागलं तर काय घ्या. आई, पदराखाली पोळ्या आहेत हे मला ठाऊक होतं. त्या सकाळी माझा डबा रिकामा होता आणि दुपारी तू पोळ्या घेऊन त्या म्हातारीकडे निघाली होतीस. मला तुला पकडून द्यायचं होतं.